परदेशात कर्णबधिर आणि अपंग मुलांसाठी स्वयंसेवक म्हणून जायचंय, अनुभव आणि सल्ला हवाय

उन्हाची_तिरीप

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज एकदाचं लिहून काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं वय ३१. पुढच्या वर्षी ऑफिसातून ६ आठवड्यांची सलग रजा मिळणार आहे आणि ती मला परदेशात, एखाद्या मूकबधिर किंवा अपंग मुलांच्या शाळेत काम करून घालवायची आहे. केनिया किंवा घाना डोक्यात आहे. कारण असं की माझा चुलतभाऊ जन्मापासून ऐकू न येणारा. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं जमायचो तेव्हा तो आमच्यातच बसलेला असायचा, आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत, आणि कुणी हसलं की तोही हसायचा. काय झालं म्हणून त्याने खुणेने विचारलं की आम्ही सगळे एकच उत्तर द्यायचो, "नंतर सांगते". ते नंतर कधी आलंच नाही. आता वय वाढलं तसं हे फार टोचायला लागलंय.

एका एजन्सीचं पॅकेज बघितलंय. ४ आठवडे, राहणं-जेवण, विमानतळावरून न्यायला गाडी, शनिवार-रविवार फिरणं. माहितीपत्रकात म्हटलंय की अनुभवाची, शिक्षणाची अट नाही, मुलांवर माया असली की पुरे. भरायची रक्कम बरीच आहे पण मी साठवलेत पैसे. प्रश्न असे की साइन लँग्वेज आधी शिकावी लागेल का, शिकायची तर कुठली, व्हिसा कुठला, आणि मुलांसाठी बरोबर काय न्यावं? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

दोन_किनारे

मी केनियात एका निवासी कर्णबधिर शाळेत ११ महिने होतो म्हणून लिहितोय, शाळेचं नाव देत नाही कारण मुलं अजून तिथेच आहेत.

आधी भाषेचं. साइन लँग्वेज जगभर एकच असते असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटायचं. तसं अजिबात नाहीये, जगात तीनशेच्या आसपास खूणभाषा आहेत आणि त्यांचा बोलभाषांच्या सीमांशी काही संबंध नसतो. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी, पण तिथल्या कर्णबधिरांना एकमेकांचं कळत नाही, कारण अमेरिकन खूणभाषेचं नातं फ्रेंच खूणभाषेशी आहे. मी जाण्याआधी सहा महिने रात्री जागून ब्रिटिश साइन लँग्वेज शिकलो, तिची मुळाक्षरं दोन हातांनी करतात. केनियात एका हाताने. पहिल्या दिवशी वर्गात मी मोठ्या तयारीने स्वतःचं नाव दोन हातांनी सांगितलं आणि बावीस मुलं नुसती बघत राहिली. मग पहिल्या बाकावरची साधारण आठ वर्षांची एक मुलगी उठली, तिने माझा डावा हात धरून खाली नेला, मांडीशी ठेवला आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून वळवत मला पहिलं अक्षर करायला लावलं. अंगठा चुकला तर अंगठा सरळ केला. त्या दिवशी शिक्षक तीच होती. पुढेही तीच.

तिथे केनियन साइन लँग्वेज म्हणजे कुणाची मेहेरबानी नाहीये हेही लक्षात घ्या. २०१० च्या त्यांच्या राज्यघटनेत तिचा उल्लेख आहे, संसदेच्या अधिकृत भाषांत किस्वाहिली आणि इंग्रजीच्या बरोबरीने ती आहे. त्यामुळे आपण जाऊन "त्यांना भाषा देणार" वगैरे काही नसतं. भाषा आहे, आपल्यालाच येत नसते.

चार आठवड्यांबद्दल माझं स्पष्ट मत, नका जाऊ. मला मुलांचं बोलणं बऱ्यापैकी कळायला चौथा महिना उजाडला. पहिल्या दोन महिन्यांत मी मदत कमी आणि अडचण जास्त होतो, वर्गशिक्षकांना माझ्यासाठी थांबावं लागायचं. उपयोगी पडलो ते नंतर.

वाचतेय_फक्त

बापरे, एकदम डोळे उघडणारी माहिती. वाचतेय.

मधली_वाट

दोन_किनारे यांचा अनुभव मोलाचा आहे पण "नका जाऊ" हे मला पटत नाही. सगळ्यांना ११ महिने कुठून मिळणार? नोकरी, घर, म्हातारे आईवडील असतात. धागाकर्तीची तळमळ खरी आहे, पैसे स्वतःचे आहेत, चार आठवडे तर चार आठवडे, त्या मुलांच्या वाट्याला तेवढी माया तर येईल. काहीच न करण्यापेक्षा बरंच की. अशाने लोक पुढे यायचे थांबतील याची भीती वाटते.

तिसरा_प्रहर

मधली_वाट, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय, म्हणून रागाने लिहीत नाहीये. पण मी पलीकडच्या बाजूची आहे म्हणून सांगते.

माझा मुलगा ९ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे, बोलत नाही, हातपाय ताठ होतात. तो दिवसा ज्या केंद्रात जायचा तिथे बाहेरच्या देशांतून तरुण मुलं-मुली यायच्या, तीन आठवडे, महिना. सगळी गोड होती हो. एक मुलगी होती, तिने त्याला जेवू घालायचं काम घेतलं होतं, त्याचं तोंड उघडायला वेळ लागतो तर ती गाणं म्हणत थांबायची. तिच्या हातून तो पूर्ण वाटी संपवायचा. महिन्याने ती गेली. तो दारात व्हीलचेअर लावून दाराकडे बघत बसायचा आणि दुसऱ्या कुणाच्या हातून जेवायचा नाही, बारा दिवसांत दीड किलो उतरला. मग नवीन मुलगा आला, परत तेच. चौथ्या वेळी त्याने नवीन माणसाकडे बघायचंच सोडून दिलं. मान वळवायचा. केंद्रातल्या लोकांना मी सांगितलं तर ते म्हणाले की सवय होईल, स्वयंसेवकांच्या पैशांवर केंद्र चालतं. मी त्याला तिथून काढला.

मायेची किंमत मुलाने मोजली हो आमच्या.

मधली_वाट

तिसरा_प्रहर ताई, वाचून सुन्न झालो. हा विचार मी खरंच केला नव्हता. तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आता तो कसा आहे?

तिसरा_प्रहर

बरा आहे. आता एक ताई येतात घरी, गेली दोन वर्षं त्याच. त्यांच्याकडे बघून हसतो.

हातांची_बोली

मी स्वतः कर्णबधिर आहे. मराठी माझी दुसरी भाषा, पहिली हातांची.

उन्हाची_तिरीप, एक विनंती, "मूकबधिर" लिहू नका. आम्ही मुके नाही, गळ्यात काही दोष नसतो, आणि बोलतो तर खूपच, फक्त हातांनी. कर्णबधिर म्हणा, बहिरा म्हटलं तरी मला चालतं, मूक नको.

तुमच्या चुलतभावाबद्दल वाचलं. "नंतर सांगते" हे प्रत्येक बहिऱ्या माणसाने जेवणाच्या पंगतीत ऐकलंय, म्हणजे ओठांवर वाचलंय. आमच्यापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे घरातच परकेपण सुरू होतं. हे कुठल्याही देशात सारखंच.

आता परदेशी जाऊन मदत करण्याबद्दल. ऐकू येणारे लोक आमच्या भल्यासाठी काय काय ठरवतात याचा इतिहास मोठा आहे. १८८० साली इटलीत मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली, १६४ प्रतिनिधींमध्ये बहिरा फक्त एक. तिथे ठराव झाला की शाळेत खूणभाषा नको, मुलांना बोलायलाच शिकवायचं. त्यानंतर देशोदेशी बहिऱ्या शिक्षकांना काढून टाकलं, मुलांचे हात बांधले, हातांवर मारलं. त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त करून ते नाकारायला २०१० उजाडावं लागलं, व्हँकूव्हरच्या परिषदेत. एकशे तीस वर्षं. मिलानमधले लोक दुष्ट नव्हते, त्यांनाही मुलांचं भलंच करायचं होतं. फक्त मुलांना आणि मोठ्या बहिऱ्यांना त्यांनी विचारलं नाही.

आणि दुसरं उदाहरण अँड्र्यू फॉस्टर यांचं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय, लहानपणी आजारात ऐकू येणं गेलं, गॅलॉडेट या तिथल्या बहिऱ्यांच्या कॉलेजातून १९५४ मध्ये पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. १९५७ मध्ये घानात गेले, अक्राला बहिऱ्या मुलांची शाळा काढली आणि पुढे तीस वर्षं आफ्रिकेतल्या देशांमागून देशांत शाळा काढत गेले, तीसहून जास्त. स्वतः बहिरे होते आणि तिथल्या बहिऱ्या तरुणांना शिक्षक म्हणून तयार करत पुढे जायचे, हे त्यातलं मुख्य. अर्थात त्यांच्याबरोबर अमेरिकन खूणभाषाही गेली, आणि घानात अदामोरोबे नावाच्या गावाची पिढ्यान् पिढ्यांची स्वतःची खूणभाषा आहे, ती आज त्या शाळेतल्या भाषेच्या दबावाखाली आहे. म्हणजे इतक्या चांगल्या माणसाच्या कामालाही ही बाजू आहेच.

म्हणून जायच्या आधी त्या संस्थेला एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे पगारी बहिरे कर्मचारी किती आणि निर्णय घेणाऱ्यांत किती? उत्तर शून्य असेल तर तिथे जाऊ नका.

दोन_किनारे

हातांची_बोली यांना हजार वेळा अनुमोदन. आमच्या शाळेत दोन बहिरे शिक्षक होते, आणि तासाला मुलं त्यांच्यासमोर जशी फुलायची तशी ऐकणाऱ्या शिक्षकांसमोर नाही. मुलांना पहिल्यांदा कळायचं की बहिरी माणसं मोठीही होतात. हो, खरंच, एका लहान मुलाने मला विचारलं होतं की मी मोठा झाल्यावर मला ऐकू येणार का, कारण त्याने शाळेत यायच्या आधी मोठा बहिरा माणूस बघितलाच नव्हता.

कोपऱ्यातला_दिवा

खूप सुंदर धागा. निकाराग्वाचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी भर घालतो, भाषाशास्त्र शिकताना हे वाचून मी भारावून गेलो होतो.

१९७७ मध्ये मानाग्वा शहरात विशेष मुलांसाठी एक केंद्र सुरू झालं, सुरुवातीला पन्नासेक बहिरी मुलं. तोवर ही मुलं आपापल्या घरात एकटी होती, प्रत्येकाच्या घरगुती चार खुणा. शिक्षक ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत होते आणि ते फारसं जमत नव्हतं. पण मधल्या सुट्टीत, शाळेच्या बसमध्ये मुलं एकमेकांच्या खुणा उचलत होती, आणि काही वर्षांत त्यातून व्याकरणासकट नवी भाषा उभी राहिली, लहान मुलांनी मोठ्यांपेक्षा ती आणखी बांधीव केली. हे काय चाललंय ते शिक्षकांना कळेना तेव्हा १९८६ मध्ये जूडी केगल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंना बोलावलं. त्यांनी काय केलं तर बघितलं आणि लिहून ठेवलं. मला नेहमी वाटतं की बाहेरून जाणाऱ्याने एवढं जरी नीट केलं तरी खूप झालं.

पाचवी_पायरी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अपंग मुलांबरोबर काम करते, दोन वेळा परदेशात प्रशिक्षणाच्या कामाला गेलेय. धाग्यात कर्णबधिरांबद्दल छान लिहिलंय म्हणून मी शारीरिक अपंगत्वाचं लिहिते, कारण इथे "माया असली की पुरे" हे वाक्य नुसतं अपुरं नाही तर जीवघेणं होऊ शकतं.

जेवण भरवणं हे काम स्वयंसेवकांना सगळ्यात आधी देतात, सोपं वाटतं म्हणून. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला झोपवून किंवा मान मागे टाकून भरवलं की घास श्वासनलिकेत जातो. मूल ठसकेलच असंही नाही, कधीकधी काहीच आवाज होत नाही. आठवड्याभराने ताप येतो, न्यूमोनिया होतो, आणि कुणालाच कळत नाही की तो चमच्यातून आला. मूल जमेल तेवढं ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून आणि खालून आणायचा, वरून ओतायचा नाही, आणि गिळून तोंड रिकामं होईपर्यंत थांबायचं. एका मुलाला चाळीस मिनिटं लागतात. तिसरा_प्रहर ताईंनी लिहिलेली गाणं म्हणत थांबणारी मुलगी अगदी बरोबर करत होती, दुर्दैव एवढंच की ती कला ती जाताना कुणाच्या हातात देऊन गेली नाही.

व्हीलचेअरचंही तसंच. मी एका ठिकाणी बघितलं की मोठ्यांच्या, हॉस्पिटलात असतात तशा घड्या होणाऱ्या खुर्च्या दान आलेल्या आणि सहा वर्षांची मुलं त्यात घसरून अर्धी आडवी झालेली. पाठीचा कणा वाकतो, आणि ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांना बसायच्या जागी जखमा होतात, त्या चिघळल्या तर जिवावर बेततं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत की खुर्ची माणसाच्या मापाने बसवून द्यायची, वापरायला शिकवायचं आणि दुरुस्तीची सोय ठेवायची. तेव्हा कुणी खुर्च्या न्यायच्या म्हणत असेल तर आधी विचारा की तिथे मापं घेणारा कोण आहे आणि चाकाचं बेअरिंग गेलं तर कोण बदलणार.

मी दोन्ही वेळा मुलांना हातही लावला नाही म्हटलं तरी चालेल, तिथल्या थेरपी असिस्टंटना आणि आयांना शिकवलं, तेही तिथल्याच वरिष्ठ थेरपिस्टने बोलावलं म्हणून. प्रत्येक वेळी तीन आठवडेच होते. म्हणजे थोडा काळ जाणं वाईटच असं नाही, मधली_वाट, मोठ्यांना शिकवायला गेलात तर तीन आठवडेही कामी येतात. मुलांच्या जवळ जायचं तर मात्र नाही.

उन्हाची_तिरीप

सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. हातांची_बोली, चूक लक्षात आणून दिलीत, आभार, यापुढे कर्णबधिरच लिहीन.

खरं सांगते, पहिल्या दिवशी थोडं वाईट वाटलं होतं, काल रात्री तिसरा_प्रहर ताईंचा प्रतिसाद परत वाचला आणि मग नाही वाटलं. एजन्सीला मेल करून विचारलं की बहिरे कर्मचारी किती. त्यांनी उत्तरात शाळेतल्या मुलांचे हसरे फोटो पाठवले, संख्या नाही. आणि पोलीस व्हेरिफिकेशन लागेल का विचारलं तर म्हणाले गरज नाही, टुरिस्ट व्हिसावर या.

श्रवणयंत्रं न्यायचा विचार होता, ओळखीतल्या एका आजोबांची चांगली दोन पडून आहेत. ती तरी पाठवू का?

अनुक्रमणिका

टुरिस्ट व्हिसावर काम नको, बिनपगारी असलं तरी. बऱ्याच देशांत स्वयंसेवा म्हणजे कामच धरतात, पकडलं तर दंड, परत पाठवणी. केनियात त्यासाठी इमिग्रेशनची वेगळी परवानगी काढावी लागते आणि तिथली संस्था खरी असेल तर ती स्वतःच हे सांगते.

पोलीस व्हेरिफिकेशनचं तर सोडूच नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार अपंग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट असते. कर्णबधिर मूल तर सांगणार कुणाला, घरी भाषा नाही, पोलिसांकडे दुभाषी नाही. ज्या संस्थेला अनोळखी माणूस कोण आहे हे तपासायची गरज वाटत नाही ती तुम्हाला जसं आत घेते तसं कुणालाही घेते. पोलीस क्लिअरन्स, दोन लोकांचे संदर्भ, मुलांबरोबर एकट्याने खोलीत न राहण्याचा नियम, फोटोंबद्दल लेखी धोरण, एवढं त्यांनी मागितलंच पाहिजे.

आणखी एक. अनाथाश्रम किंवा "होम" असेल तर दुप्पट सावध. अशा ठिकाणच्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, अपंग मूल सांभाळायला घरी मदत नाही म्हणून ठेवलेलं असतं. आणि पैसे देणारे पाहुणे येत राहिले की मुलं आणून भरायला कारण मिळतं. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी याची दखल घेतली गेली, २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या अशा पर्यटनाचा विषय घेतला. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २००६ चा जो करार आहे त्याचं कलम २३ सांगतं की अपंगत्वाच्या कारणावरून मुलाला आईवडिलांपासून तोडू नये, आणि कलम २४ सांगतं की खूणभाषा शिकायची सोय करा, बहिऱ्या लोकांची भाषिक ओळख जपा, अपंग शिक्षकांनाही नेमा. दोन पानं आहेत, जायच्या आधी वाचाच.

कोडा_मी

श्रवणयंत्रांचं मी सांगते. माझे आईबाबा दोघेही बहिरे, मी ऐकणारी, घरातली पहिली दुभाषी मी, चौथ्या वर्षापासून.

आजोबांची यंत्रं पाठवू नका. यंत्र त्या माणसाच्या श्रवण तपासणीप्रमाणे सेट केलेलं असतं, दुसऱ्याला तसंच लावलं तर एकतर काही उपयोग नाही नाहीतर उरलेलं ऐकू येणंही कमी होईल. कानात बसतो तो मोल्ड प्रत्येकाच्या कानाच्या छापाचा, आणि वाढत्या मुलांचा कान वाढतो त्यामुळे लहान वयात तो काही महिन्यांनी बदलावा लागतो, सैल झाला की शिट्टी वाजायला लागते आणि मूल यंत्र काढून फेकतं. त्यात बॅटरी. बहुतेक शक्तिशाली यंत्रांना ६७५ नंबरची लागते, निळ्या स्टिकरची, ते स्टिकर काढलं की हवा लागून बॅटरी सुरू होते, मग यंत्र बंद असलं तरी ती संपत जाते. मी एका शाळेत कपाटाचा खण उघडून बघितलाय, दान आलेली तीसेक यंत्रं, सगळ्यांच्या बॅटऱ्या फुगलेल्या, आतून पांढरी पूड. जवळपास कुणी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवण तपासून यंत्र बसवणारा, नव्हता. द्यायचंच असेल तर तिथल्या ऑडिओलॉजिस्टला विचारून मोल्डचं सामान आणि दोन वर्षं बॅटऱ्या पुरवायची जबाबदारी घ्या. यंत्र एकटं काही करत नाही.

आणि यंत्र मिळालं तरी भाषा लागतेच हो. पहिली पाच वर्षं भाषेविना गेली तर पुढे ते नुकसान भरून काढणं फार फार कठीण.

दोन_किनारे

कोडा_मी यांच्या शेवटच्या वाक्यावरून आठवलं ते लिहितो, कारण ११ महिन्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच झालं असं मला वाटतं आणि ते मी केलेलं नाही.

निवासी शाळांमुळे मुलं टर्मभर शाळेत, खूणभाषेत, आणि एप्रिल, ऑगस्ट, वर्षअखेर अशा सुट्ट्यांना घरी, जिथे कुणालाच ती येत नाही. सुट्टी जवळ आली की बाकीची मुलं खूश असतात, इथे काही मुलं गप्प व्हायची. झोपायच्या खोलीतले दिवे नऊला बंद व्हायचे, त्यानंतर शेवटच्या आठवड्यात तर टॉर्चच्या उजेडात हात चाललेले असायचे, टॉर्चचे सेल संपले की एकमेकांच्या तळहातावर. मेट्रन बघून न बघितल्यासारखं करायच्या. पुढचे चार आठवडे कुणाशी बोलणार.

आमच्या एका बहिऱ्या शिक्षकांनी ऑगस्टच्या सुट्टीत पालकांचा वर्ग घ्यायचं ठरवलं. माझं काम एवढंच की चित्रं कापायची, खुर्च्या लावायच्या, हजेरी लिहायची आणि लहान भावंडांना बाहेर खेळवायचं. अकरा आया आणि दोन बाप आले. शिक्षकांनी पहिल्या दिवशी भूक, पाणी, दुखतंय, कुठे, आणि प्रत्येक मुलाची नावाची खूण, एवढंच शिकवलं. एका आईने घरी जायच्या आधी दारातच मुलाला विचारलं, दुखतंय का, कुठे. हात अडखळत होते तिचे. मुलगा सात वर्षांचा. त्याने क्षणभर तिच्या हातांकडे बघितलं आणि मग कानामागे बोट ठेवलं. कानातून पू येत होता, किती दिवस कोण जाणे, रडायचा तेव्हा घरी वाटायचं हट्टी आहे. तिने तिथेच त्याला उचलून घेतलं.

उन्हाची_तिरीप, तुम्हाला जायचंच असेल तर अशा कुणाच्या तरी मागे उभं राहायला जा. आणि कुठे असं चाललंय हे एजन्सीला माहीत नसतं, त्या देशाच्या बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेला माहीत असतं. वर्ल्ड फेडरेशन ऑफ द डेफशी संलग्न संघटना शंभरावर देशांत आहेत, त्यांना थेट लिहा. तुम्ही कशात काम करता ते लिहा, काय हवंय ते त्यांना ठरवू दे.

हातांची_बोली

हेच. आणि चुलतभावाला विचारलंत का?

उन्हाची_तिरीप

नाही. हा प्रश्न वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही मी. त्याला विचारते.

उन्हाची_तिरीप (पाच महिन्यांनंतर)

धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून.

पॅकेज घेतलं नाही. भावाला सगळा धागा वाचायला पाठवला, त्याने फक्त लिहिलं की रविवारी अकराला व्हिडिओ कॉल कर. तेव्हापासून दर रविवारी तो मला शिकवतो, तासभर, फार कडक आहे, चेहऱ्यावर हावभाव नसले की थांबवतो, म्हणतो भुवया वर गेल्या नाहीत तर तो प्रश्न होत नाही. मागच्या महिन्यात त्याने लहानपणची एक गोष्ट सांगितली, आम्ही सगळी कशाला तरी हसत होतो आणि त्याला वाटलेलं की त्याच्या शर्टाला हसतोय, तो शर्ट त्याने नंतर कधी घातला नाही. मला तीनदा परत विचारावं लागलं, तिन्ही वेळा त्याने पूर्ण सांगितलं. एकदाही नंतर सांगतो म्हणाला नाही.

दोन_किनारेंनी सांगितलं तसं तीन देशांच्या संघटनांना लिहिलं, मी अकाउंट्समध्ये काम करते एवढंच सांगितलं. एकांचं उत्तर आलं. त्यांना मुलांसाठी कुणी नको होतं, त्यांच्याकडे माणसं आहेत. पण पालकांच्या वर्गांसाठी मिळालेल्या अनुदानाचे हिशेब देणाऱ्यांच्या नमुन्यात बसत नव्हते, त्यामुळे दुसरा हप्ता अडकला होता. ते काम गेले दहा आठवडे मी इथूनच करतेय, शनिवारी सकाळी. पावत्यांचे फोटो येतात, मी तक्ते लावते, शंका असतील त्या व्हिडिओ कॉलवर, त्यांच्या बाजूला दुभाषी असतो. रजा अजून शिल्लक आहे, त्यांनी म्हटलं तर वार्षिक हिशेबाच्या वेळी तीन आठवडे जाईन, योग्य परवानगी काढून, पोलीस क्लिअरन्सचा अर्ज केलाय. नाही म्हटलं तर इथूनच.

त्यांचे खजिनदार स्वतः बहिरे आहेत, साठीचे असतील. परवा मी त्यांना विचारलं की हिशेबतपासनीसाला तुमच्या भाषेत खूण काय. त्यांनी करून दाखवली, मी केली, दुभाषी काही बोलायच्या आत त्यांनी मान हलवली आणि कॅमेऱ्याच्या जवळ येऊन परत दाखवली, सावकाश. माझा हात उलटा होता. चौथ्या वेळी जमली.